स्वारगेटच्या फलाटावरील आकाशवाणी

पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मनुष्यास स्वारगेट सहसा चुकत नाही. सातारा, वाई, कोल्हापूर, सांगली, कोठेही जावयाचे असो, एस.टी.ने जाणाराचे पाय प्रथम येथेच लागतात. पूर्वी येथे घोडेस्वारांची चौकी होती व त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. विद्यार्थिदशेत आम्ही मात्र 'स्वर्ग' आणि 'गेट' असा विग्रह करून, संस्कृत व इंग्रजी यांच्या संकराचा हा उत्तम नमुना होय, असे वर्गबंधूंस ठासून सांगत असू. स्वर्गाची आठवण व्हावी असे येथे काही नाही. चौकास देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे. आणि २०२४च्या सप्टेंबरपासून जिल्हा न्यायालयाकडून भूगर्भातून येणारी मेट्रोही येथवर पोहोचली आहे. म्हणजे तिन्ही लोकांत वाहतूक चालू आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

गेल्या पौषातील एका रविवारी पहाटे आम्ही पुतण्यासह वाईच्या गाडीची वाट पाहत येथल्या फलाटावर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्या बंधूंचे वर्षश्राद्ध होते. ते वाईच्या घरीच व्हावे असा आमचा आग्रह, म्हणून पुतण्यास बरोबर नेण्याकरिता आम्ही चार दिवस पुण्यास येऊन राहिलो होतो. अजून उजाडावयाचे होते. थंडी चांगलीच होती. चहावाल्याच्या स्टोव्हचा फुरफुराट, 'सातारा, सातारा' असा पुकारा, आणि मधूनच ध्वनिक्षेपकावरून होणारी 'विनावाहक विनाथांबा' गाडीची घोषणा, असा सर्व थाट होता. हा 'विनावाहक' शब्द आम्हांस नेहमी खटकतो. वाहक म्हणजे वाहून नेणारा. तोच नसेल तर गाडीने उतारूंस नेले तरी कोणी? महामंडळाच्या मते नेणारा तो चालक, आणि वाहक तिकिटे फाडणारा. असो.

साडेसहाच्या सुमारास पुतण्याने खिशातून भ्रमणध्वनी काढला, कापसाच्या बोंडाएवढी दोन यंत्रे कानांत घातली व तो डोळे मिटून मान डोलवू लागला. आम्ही विचारले, "काय ऐकतोस?"

"अमेरिकेतलं गाणं, मोठे काका. तिथं आत्ता शनिवारची रात्र आहे."

आम्हांस राग आवरला नाही. "अरे, उद्या वडिलांचे वर्षश्राद्ध, आणि आज हे काय?"

त्याने डोळे उघडले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "काका, हा बाबांचाच कार्यक्रम आहे." आणि एका कानातले बोंड काढून त्याने आमच्या हाती ठेवले.

आम्ही ते कानास लावले. सारंगीच्या जातीचे पण अधिक खणखणीत असे एक तंतुवाद्य वाजत होते, कोणी पुरुष अनुनासिक स्वरात गात होता, आणि मध्येच हजारो मैलांवरील श्रोत्यांच्या टाळ्यांचा कडकडाट स्वारगेटच्या फलाटावर ऐकू येत होता. मागाहून पुतण्याने सांगितलेली व आम्ही स्वतः पडताळून पाहिलेली या कार्यक्रमाची हकीकत वाचकांसही मनोरंजक वाटेल.

अमेरिकेच्या टेनेसी संस्थानात नॅशव्हिल नावाचे शहर आहे. तेथे एका विमा कंपनीने १९२५ साली नभोवाणी केंद्र काढले व त्यास डब्ल्यू.एस.एम. अशी आद्याक्षरे दिली. तेथला निवेदक जॉर्ज हे हा पूर्वी वृत्तपत्रासाठी न्यायालयातील वार्ता लिहीत असे. वय अवघे तीस, पण स्वतःस तो 'गंभीर वृद्ध न्यायाधीश' म्हणवून घेई! त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या रात्री त्याने सत्त्याहत्तर वर्षांच्या एका खेडवळ म्हाताऱ्यास ध्वनिक्षेपकापुढे बसविले व त्याचे फिडल सर्व प्रांतास ऐकविले. नगरातील सभ्य लोकांस हे रुचले नाही. शहराची कीर्ती विद्येविषयी, आणि हा मनुष्य जगास कुणबाऊ गाणी ऐकवितो, अशी त्यांची तक्रार! १९२७च्या डिसेंबरात एकदा या कार्यक्रमाच्या आधी वॉल्टर डॅमरॉश या नामांकित संगीतनायकाचा अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला. तो संपताच हे याने विनोदाने सुचविले की, इतका वेळ आपण 'ग्रँड ऑपेरा' ऐकलात, आता आमचे गावठी 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. लगेच डीफर्ड बेली या कृष्णवर्णीय वादकाने माऊथऑर्गनवर धावत्या आगगाडीचा हुबेहूब आवाज काढला. थट्टेचे ते नाव तेव्हापासून कायम झाले. २०२५ साली या कार्यक्रमास शंभर वर्षे झाली. या बेलीस मात्र १९४१ साली तेथून काढून टाकण्यात आले, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या वाद्याने बारसे झाले, त्यालाच घराबाहेर काढले.

या 'कंट्री' गाण्यास एका जातीचे म्हणता येत नाही. फिडल युरोपातून आलेले, बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला, आणि ते लांबट विव्हळणारे गिटार हवाई बेटांतले. विषय म्हणाल तर शेत, आगगाडी, तुरुंग, आई आणि मरण. आमच्या जात्यावरच्या ओव्यांत आगगाडी व तुरुंग कमी, इतकाच काय तो भेद आम्हांस दिसला. पुतण्यास रॉक नावाचा प्रकारही आवडतो. त्याचे नाव लोकांत रुजविणारा ॲलन फ्रीड हाही क्लीव्हलँड येथील नभोवाणी निवेदकच. गाणी वाजविण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप पुढे त्याने १९६२ साली कबूल केला. ते संगीत मात्र आम्हांस अद्यापि कर्णकटूच वाटते.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे. १९७७ साली बंधू मॅट्रिकला होते. घरात एकच ट्रान्झिस्टर. रात्री सर्वांची निजानीज झाली की ते पांघरुणात तो घेऊन सिलोन केंद्रावरील इंग्रजी गाणी ऐकत. जिम रीव्ह्ज नावाचा गायक त्यांस विशेष प्रिय होता. हा गृहस्थ स्वतः आधी नभोवाणीवर निवेदक होता, मग गायक झाला, आणि १९६४ साली विमान कोसळून वारला. त्याचा आवाज खर्जातला, कानाशी बोलल्यासारखा. आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो व शब्दरूपावलीच्या पलीकडे जगात ऐकण्याजोगे फारसे काही नाही अशा मताचे होतो. एके रात्री आम्ही तो ट्रान्झिस्टर काढून घेतला, त्यातील सेल काढले व आमच्या पेटीत कुलपात ठेवले. बंधूंनी एक शब्द उच्चारला नाही. परीक्षा झाली, ते उत्तीर्ण झाले, नोकरीस लागले. पण ते सेल त्यांनी कधी परत मागितले नाहीत, आणि आम्हांसही देण्याचे सुचले नाही. कित्येक वर्षांनी पेटी उघडली तेव्हा ते गळून त्यांच्या पाण्याने आमची अमरकोशाची प्रत खराब झालेली आढळली.

आमच्यासारखेच काम मोठ्या प्रमाणावर केलेले एक गृहस्थ पुण्याचेच होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म १९०३ साली पुण्यात झाला. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रात नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निस्सीम भक्ती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत १९५२ साली सुरू झाला, व त्याबद्दल रसिकांनी त्यांचे ऋणी असले पाहिजे. पण त्याच भक्तीच्या भरात त्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरविला व तो सिलोनवर नेऊन ठेवला. तेथे १९५२च्या डिसेंबरात अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या मालकीची झाली. शेवटी १९५७च्या ३ ऑक्टोबरला 'विविध भारती' काढून सरकारास ती गाणी घरी परत आणावी लागली. पुराणांत आकाशवाणी झाली की ती कंसासही गप्प करता आली नाही; मग मंत्र्यांची काय कथा! केसकरांस दोष देताना आम्ही पूर्वी फार वक्तृत्व खर्च करीत असू. पेटीतले सेल आम्हांस तेव्हा आठवत नसत.

गाडी सात वाजता सुटली. कात्रज मागे पडले. उजाडले. पुतण्या हळूहळू बोलू लागला. बंधू दर महिन्यास वाईस आम्हांस भेटावयास येत, ते रविवारी, याच गाडीने. आम्ही समजत होतो की रविवारी कचेरीस सुट्टी असते म्हणून.

"थंडीत स्वारगेटला कार्यक्रम सुरू होताना पकडायचे. मी लहानपणापासून शेजारी बसून ऐकत आलो. सुरूरचा फाटा आला की बाबा कानातलं काढून खिशात ठेवायचे."

"का?"

"'आता घर आलं, दादांसमोर नको,' असं म्हणायचे."

आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. बंधू सत्तेचाळीस वर्षे आमच्याशी बोलले. शेतीविषयी, भाऊबंदकीविषयी, आमच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेविषयी. यातील एक अक्षर त्यांनी कधी काढले नाही, व आम्ही कधी विचारले नाही.

खंबाटकीचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली. ऊन चांगले वर आले होते. नॅशव्हिलचा कार्यक्रम केव्हाच संपला होता आणि तेथल्या एका दुकानाची जाहिरात चालली होती. सुरूरच्या फाट्यास गाडी उजवीकडे वळली, तसा पुतण्याचा हात सवयीने कानाकडे गेला.

"राहू दे," आम्ही म्हणालो. "ते जिम रीव्ह्ज त्यात लागतात का बघ."