दोनशे सतरावा फोटो

गेल्या वर्षी एक जानेवारीला मी ठरवलं, रोज एक फोटो काढायचा. वर्षभर, एकही दिवस न चुकता. काढलेला फोटो रात्री झोपण्यापूर्वी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा.

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटल्यावर हे कुठलं खूळ? खरं सांगायचं तर त्याआधीच्या नोव्हेंबरात बेळगावला आमची अव्वा गेली. वडील मराठी, अव्वा बागलकोटकडची. आम्ही दोघी बहिणी वडिलांशी मराठीत आणि अव्वाशी कन्नडमध्ये बोलत वाढलो. लग्न होऊन मी इंदूरला आले, धाकटी धारवाडला गेली. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता मी अव्वाला फोन करत होते. ती गेल्यावर सात वाजले की हात आपोआप फोनकडे जायचा. त्या हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

मुलानं त्याचा जुना डिजिटल कॅमेरा दिला. पहिले सहा महिने मजेत गेले. इंदूरसारख्या शहरात फोटोला विषय किती! राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. रात्री सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे लागणाऱ्या खाऊच्या गाड्या. रंगपंचमीची गेर. याच इंदुरात १८६६ साली रुरकीहून शिकून आलेला एक तरुण सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागला आणि पुढे नोकरी करता करता फोटो काढू लागला. हेच राजा दीनदयाळ. पुढे ते हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काळी काचेच्या पट्ट्या, भला मोठा कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन हिंडावं लागे. माझा कॅमेरा खांद्याच्या पिशवीत मावत होता. मला काय अवघड होतं?

पण जुलैच्या पहिल्या पावसात जिन्यावरून पाय घसरला आणि गुडघ्याला प्लास्टर बसलं. सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही. खिडकीतून दिसणारा गुलमोहर तीन वेगवेगळ्या दिवशी काढून झाला. चौथ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आता बंद करते हे सगळं."

हे काही बोलले नाहीत. माळ्यावरून त्यांचा फिल्मच्या जमान्यातला कॅमेरा काढला, त्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स सोडवली आणि बाजारातून एक रिंग आणली. त्या रिंगनं लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर उलटी बसते, म्हणजे पुढचं तोंड आत आणि मागचं बाहेर. हा जवळच्या फोटोंचा सगळ्यात स्वस्त उपाय. अशी लेन्स लावली की जवळजवळ वस्तूएवढीच प्रतिमा आत सेन्सरवर पडते. मुगाच्या दाण्याची प्रतिमा मुगाच्या दाण्याएवढीच. मग पडद्यावर तो दाणा नारळाएवढा दिसतो. यालाच मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. लेन्स वस्तूपासून चार-पाच सेंटिमीटरवर आणावी लागते, त्यामुळे कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा. मुंगीचा डोळा नीट आला तर मिशा पुसट. लेन्सची कडी फिरवून फोकस होत नाही, आपणच कॅमेऱ्यासकट केसभर पुढे-मागे व्हायचं. त्यात आपला श्वाससुद्धा आड येतो. पहिल्या दिवशी मी साठेक फोटो काढले, त्यातला एकही धड नव्हता.

हळूहळू जमू लागलं. खिडकीशी टेबल ओढलं. एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा, म्हणजे सावली मऊ होते. कोपर टेबलावर टेकायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि बटण दाबायचं. मिठाचे कण चौकोनी ठोकळे निघाले. साखरेचे खडे तसे नव्हते, त्यांना तिरक्या कडा होत्या. सकाळच्या पोह्यांवरची शेव सोललेल्या ओंडक्यांसारखी दिसली आणि तिच्यात अडकलेला जीरावनचा कण शेंदरी दगडासारखा. सासूबाई तो फोटो पाहून म्हणाल्या, "अगं, हे खाल्लं मी?"

घरचे सगळे रोज वाट पाहू लागले. आज काय, ओळखा पाहू! भाचे, जावा, पुतण्या, सगळ्यांचे तर्क येत. फक्त धाकटीचं उत्तर येत नव्हतं. ती फोटो पाहायची. तेवढं कळायचं.

त्यामागचं सांगायलाच हवं. अव्वाच्या शेवटच्या आठवड्यात मी वेळेवर पोचले नाही. आज निघते, उद्या निघते करता करता उशीर झाला. सगळं धाकटीनं एकटीनं केलं. दिवसकार्य आटोपल्यावर अव्वाची ट्रंक उघडली, तेव्हा धाकटी म्हणाली, सगळ्या लुगड्यांची कौदी शिवून घेऊ, दोघींना एकेक. मी काही न बोलता त्यातलं एक इरकल उचललं आणि माझ्या बॅगेत ठेवलं. काळ्या अंगाचं, लाल टोपपदराचं, अव्वा सणावाराला नेसायची ते. धाकटी एवढंच म्हणाली, "माणूस होतं तेव्हा आली नाहीस, लुगड्याला मात्र आलीस."

मीही उलट बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानंतर नऊ महिने आमचं बोलणं नव्हतं.

ते लुगडं इंदुरात कपाटाच्या तळाशी होतं. एकदाही उघडलं नव्हतं. ऑगस्टच्या पाच तारखेला घरातले जिन्नस संपले. डाळी झाल्या, बटणं झाली, मोहरी झाली. म्हणून ते बाहेर काढलं. घडी उलगडताच कापूर आणि जुन्या सुताचा वास आला. थोडा वेळ कॅमेरा हातात घेतलाच नाही.

मग पदर जिथं सुरू होतो तिथं लेन्स धरली. उजेड अगदी तिरका घेतला, म्हणजे विणीचे उंचवटे दिसतात. पडद्यावर मोठं करून पाहिलं आणि चरकले. काळं सूत जिथं संपतं आणि लाल रेशीम जिथं सुरू होतं, तिथं आडव्या रेघेत बारीक बारीक फासे होते. एका रांगेत, शेकडो. मला वाटलं, लुगडं इथं फाटलं होतं आणि कुणीतरी धागा धागा जोडून रफू केलंय. अव्वानं आयुष्यभर फाटकं लुगडं सणाला नेसलं आणि मला पत्ता नाही! सव्वीस वर्षं रोज फोन करून मी विचारलं तरी काय होतं?

रात्री तो फोटो टाकला. खाली लिहिलं, "अव्वाचं इरकल. फाटलं होतं, कुणीतरी रफू केलेलं."

दहा मिनिटांत उत्तर आलं. धाकटीचं.

"अक्का, अदु हरदिल्ल." अक्का, ते फाटलेलं नाही.

आणि मागोमाग फोन. नमस्कार-चमत्कार नाही, थेट सुरुवात. "रफू काय म्हणतेस? ती तोपतेनी आहे. इरकल असंच असतं. अंगाचा ताणा सुताचा, पदराचा ताणा रेशमाचा, दोन्ही वेगळे. मागावर विणण्याआधी अंगाच्या प्रत्येक धाग्याचा फासा पदराच्या धाग्याच्या फाशात अडकवतात. तू टोपपदर टोपपदर म्हणतेस, तो टोप म्हणजे हाच जोड."

शब्द लहानपणापासून तोंडात होता. दुकानात उभी राहून मी शंभर वेळा म्हटलं असेल, टोपपदराचं दाखवा. पण तो जोड असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. धाकटीला अव्वानं सांगितलं होतं. शेवटच्या वर्षी अव्वा तिच्याकडे होती तेव्हा दुपारी पदर मांडीवर घेऊन बसायची म्हणे, आणि आपल्या माहेरच्या मागांबद्दल बोलायची.

"अजून काय सांगायची?" मी विचारलं.

फोन तासभर चालला. लहानपणी सुट्टीत धाकटी तेजस्वींची 'कर्वालो' कादंबरी मला एकेक पान मराठी करून वाचून दाखवायची. माझं कन्नड बोलण्यापुरतं, तिला ते वाचताही यायचं. त्या रात्रीही तसंच झालं. अव्वाचं शेवटचं वर्ष तिनं मला वाचून दाखवलं. मध्येच ती रडली, मग मी रडले. माफ कर असं कुणीच म्हटलं नाही. पण फोन ठेवताना ती म्हणाली, "पदराच्या कोपऱ्यात कसूती आहे बघ. त्याचा काढ उद्या. उलट बाजूनं पण काढ."

दोनशे अठरावा फोटो कसूतीचा. गवंतीचा टाका सुलट आणि उलट बाजूनं सारखाच दिसतो, कुठं गाठ मारलेली नसते. मी दोन्ही बाजूंनी काढला. गाठ सापडली नाही.

प्लास्टर सुटल्यावर मी पुन्हा बाहेर पडू लागले. राजवाडा, सराफा सगळं होतं तिथंच होतं. डिसेंबरच्या एकतीस तारखेला तीनशे पासष्टावा फोटो टाकला आणि संकल्प पुरा झाला. मॅक्रोचे त्यात चाळीसेक असतील, बहुतेक धूसर. जवळच्या फोटोत हे असंच असतं. थोडंसंच स्पष्ट दिसतं, आणि त्यासाठी फार जवळ जावं लागतं.

कौदी झाली. धाकटीनं बाकीच्या लुगड्यांच्या दोन शिवून घेतल्या, त्यातली एक माझ्या पलंगावर आहे. इरकल मात्र कापलं नाही. या दिवाळीत ते मी धारवाडला नेणार आहे. सहा महिने तिच्याकडे, सहा महिने माझ्याकडे, असं ठरलंय.

सात वाजले की आता मी धाकटीला फोन करते.