आंबा गोड निघाला

"काकू, आंबा गोड!" फोड तोंडात टाकून समोरच्या फ्लॅटमधली बंगाली मुलगी म्हणाली. कोलकात्याहून पुण्यात येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते आणि तिला मराठी शिकवण्याचं मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"आंबा गोड आहे, म्हण," मी म्हटलं. ती बुचकळ्यात पडली. बंगालीत अशा वाक्याला वर्तमानकाळात क्रियापद लागतच नाही. 'आमि डाक्तार' म्हटलं की झालं. भूतकाळात मात्र 'छिलाम' हजर होतं.

शाळेत घोकलेलं वाक्यपृथक्करण कामी आलं. आंबा हे उद्देश्य, गोड हे विधानपूरक, आणि त्यांची गाठ मारणारं 'आहे'. (तसं 'नाव काय तुझं?' म्हणताना आपणही ते गिळतोच, पण हे मी तिला सांगितलं नाही.)

मग पेटी संपेपर्यंत तिनं मला छळलं. हापूस गोड 'असतो' का म्हणता? अगं, हातातला हा एक गोड आहे, पण ती जातच गोड असते. नातू म्हणाला, गोड लागतोय. आमचे हे म्हणाले, गोड निघाला. या 'निघाला'वर मीच अडखळले. आंबा निघाला कुठून? पण सुरी लावण्याआधी जी धाकधूक असते, ती सगळी त्या शब्दात आहे. विकणारा कधी 'निघेल' म्हणत नाही, तो छातीठोकपणे 'गोडच आहे' म्हणतो.

एका जागी तिनं मला गाठलं. 'हा हापूस नव्हे' आणि 'घरात हापूस नाही' यांतला फरक समजावायला मी सरसावले, तर ती म्हणाली, "आमच्याकडे पण दोन. 'नय' आणि 'नेइ'." मी गप्प. माझा नातू दोन्हीकडे 'नाही'च म्हणतो. खरं सांगायचं तर बोलताना मीही.

मे महिन्यात आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या हातगाडीशी उभ्या होतो. गाडीवाल्यानं 'रत्नागिरी' म्हणून एक आंबा पुढे केला. तिनं देठाशी नाक नेलं.

"दादा, हा हापूस नव्हे."

तो हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई मास्तरीण का?"

पुढे गेल्यावर तिनं माझी बाही ओढली. "काकू, त्यांचं 'आहेत' कुठे गेलं?"