कोळशातली अक्षरं आणि माळ्यावरची ट्रंक

मुलांनो, जळून कोळसा झालेलं पुस्तक तुम्ही कधी वाचलंय का? हसू नका हं! अशी पुस्तकं खरोखरच आहेत आणि ती वाचायला सुरुवातही झाली आहे.

इटली देशात व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन ७९ मध्ये त्याचा भयंकर उद्रेक झाला. पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही गावं राखेखाली गाडली गेली. हर्क्युलेनियमच्या एका मोठ्या घरात ग्रंथालय होतं. तिकडं तेव्हा कागद नव्हता. पपायरस नावाची एक उंच पाणवनस्पती असते. तिच्या गाभ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या चिकटवून ताव करायचे, त्यावर लिहायचे आणि चटईसारखी गुंडाळी करून ठेवायचे. ज्वालामुखीच्या उष्णतेनं या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. अठराव्या शतकात खणताना त्या सापडल्या, पण उलगडायला गेलं की तुकडे पडत. मग वाचायचं कसं?

आता शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. डॉक्टर आपल्या पोटाचा स्कॅन काढतात ना, तसा या गुंडाळ्यांचा काढला आणि बंद गुंडाळी संगणकातच हलके हलके उलगडली! तरी एक अडचण राहिलीच. शाई होती काजळीची आणि पपायरसचा झाला होता कोळसा. काळ्यावर काळं! स्कॅनमध्ये दोन्ही सारखंच दिसे. मग संगणकाला शाईच्या अगदी बारीक खुणा ओळखायला शिकवलं. २०२३ मध्ये त्यासाठी जगभर स्पर्धा ठेवली. ल्यूक फॅरिटर हा अमेरिकेतला २१ वर्षांचा विद्यार्थी. त्यानं बंद गुंडाळीतला पहिला शब्द शोधला. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ होता 'जांभळा'. पुढे त्यानं आणि त्याच्या दोन जोडीदारांनी मिळून दोन हजारांहून जास्त अक्षरं वाचली आणि २०२४ मध्ये मोठं बक्षीस मिळवलं.

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली. आमची शाळा कसबा पेठेत. पलीकडच्या तांबट आळीतून हातोड्यांची ठकठक ऐकू येते, तिच्या तालावर आमचे पाढे चालतात. गोष्ट संपली तसा एक जण उठून म्हणाला, "बाई, आपल्याकडं नाहीत का अशी न वाचलेली पुस्तकं?"

मी म्हटलं, "आहेत की! जळलेली नाहीत, चांगली धडधाकट आहेत. तरी तुला-मला वाचता येत नाहीत. कारण ती मोडीत आहेत."

मोडी म्हणजे आपल्या मराठीचीच जुनी, भरभर लिहायची लिपी. शेकडो वर्षं आपला सगळा कारभार तिच्यात चालला. आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शाई इथंही काजळाचीच बरं का! १९५० च्या सुमारास मोडी शाळेतून आणि कचेऱ्यांतून गेली. म्हणजे तुमच्या पणजोबांना जी लिपी येत होती, ती आज घरात कुणालाच येत नाही.

मोडी वाचणं अवघड का? एक गंमत करू. मी फळ्यावर असं लिहिलं:

तीनदीवरगेली

एकीनं मोठ्यानं वाचलं, "तीन दीवर गेली!" आणि लगेच विचारलं, "बाई, दीवर म्हणजे काय हो?" सगळा वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, ती नदीवर गेली!" मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. म्हणजे शुद्धलेखनाचे गुण कापले जायची भीती नाही, पण वाचणाऱ्याची मात्र कसोटी!

तारखाही कोड्यासारख्या असतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं आढळतं. हे अरबी आकडे आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. करा बेरीज. ११६१ आलं ना? हे वर्ष मृग नक्षत्रावर सुरू व्हायचं. म्हणून जानेवारीतली तारीख असेल, तर ६०० मिळवायचे. किती झाले? १७६१! पानिपतची लढाई झाली तेच साल. एका ओळीच्या कोड्यात केवढा इतिहास दडला आहे पाहा.

पुण्याच्या सरकारी पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथं असे कागद कापडात बांधून ठेवले आहेत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. रुमाल हजारोंनी आहेत! १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद छापायला घेतले आणि ४५ खंड काढले. तरीही न छापलेले कागद कितीतरी जास्त.

त्याआधी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी काय केलं, ठाऊक आहे? ते गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून, अडगळीतून कागद गोळा केले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. असे २२ खंड त्यांनी काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. सदाशिव पेठेतल्या मंडळात असे खूप कागद जपून ठेवले आहेत. राजवाडे त्या माळ्यांवर चढलेच नसते, तर काय झालं असतं?

काय झालं असतं, ते आमच्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पेठेतले जुने वाडे एकेक करून पडताहेत आणि तिथं नव्या इमारती उभ्या राहताहेत. असाच एक वाडा रिकामा झाला. त्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात आहे. त्यानं एक दिवस वहीत घालून पिवळा पडलेला कागद आणला. "बाई, हे उर्दू आहे का?"

ती मोडी होती. मी दोन सुट्ट्यांत मोडीच्या वर्गाला गेले होते, त्यामुळं अडखळत का होईना, मला थोडं वाचता येतं. मी वाचू लागले तशी मुलं भोवती जमली. हंडे, घागरी, परात... पुढे शेरांत वजन आणि रुपये-आणे. कुणा तांबटाचा तो हिशेब होता! खिडकीबाहेर ठकठक चाललीच होती. पोरं एकदम चिडीचूप झाली. दोन शब्द काही केल्या मला लागेनात. संध्याकाळी मोडी शिकवणाऱ्या एका आजोबांकडं गेले. त्यांनी भिंग लावलं आणि चटकन सांगितलं, "अहो बाई, 'बाकी येणे' आहे हे!" म्हणजे कुणीतरी त्या तांबटाचे पैसे द्यायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, "बाळा, आणखी आहेत का रे असे कागद?"

तो म्हणाला, "ट्रंक भरून होते बाई. परवा रद्दीत गेले. मला हा एकच खाली पडलेला सापडला."

त्याच्या आई-बाबांना तरी काय बोलणार? घर बदलायची घाई होती आणि कागद कुणालाच वाचता येत नव्हते. ते पैसे मिळाले का, तो तांबट कोण, त्याची पोरंबाळं आज कुठं आहेत, हे आता कुणालाच कळणार नाही. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली पुस्तकं जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली. आमच्या पेठेतली ट्रंक रद्दीच्या तराजूवर पाच मिनिटांत संपली.

तेव्हा मुलीच म्हणाल्या, "बाई, संगणक नाही का वाचणार मोडी?"

वाचायला लागलाय! २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे संगणकांना मोडी अक्षरं लिहिण्या-पाठवण्यासाठी ठरलेले आकडे मिळाले. २०२५ मध्ये रुरकीच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडीचं देवनागरी करणारी पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी मोडी लेखनाची दोन हजारांवर चित्रं घेतली आणि प्रत्येकाबरोबर त्याचं अचूक देवनागरी वाचन जोडलं.

हे वाचून मला गंमत वाटली. मीही पहिलीच्या मुलांना असंच शिकवते. 'ग गवताचा' हे अक्षर दाखवायचं आणि त्याचं नाव सांगायचं. पुन्हा दाखवायचं, पुन्हा सांगायचं. कुणाचा ग जाडा, कुणाचा वाकडा, तरी हळूहळू पोर ओळखू लागतं. संगणकही पहिलीतलंच पोर आहे! त्यालाही उत्तर माहीत असलेली बाई लागते. भिंग लावणाऱ्या आजोबांसारखी माणसं नसतील, तर 'बाकी येणे' हे त्याला शिकवणार कोण? आणि रद्दीत गेलेला कागद तर कितीही हुशार संगणक आला तरी वाचू शकणार नाही.

म्हणून, बालमित्रांनो, तुम्हाला एक काम सांगते. आजी-आजोबांना विचारा, माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या ट्रंकेत असे कागद आहेत का? असतील तर ते ओलीपासून दूर ठेवा. फाटले असतील तरी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, अगदी वरून फोटो काढा. चारी कडा दिसू द्या. मागची बाजूही घ्या. कागद कुठं आणि कुणाकडं मिळाला, ते वहीत लिहून ठेवा. मग आई-बाबांबरोबर जाऊन जाणकारांना दाखवा. आणि पालकहो, घर बदलताना रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती जुनी ट्रंक एकदा मुलांसमोर उघडा.

आमच्या वर्गात आता दर शनिवारी शेवटच्या तासाला मोडीची बाराखडी असते. वीस-पंचवीस जणांना आपापलं नाव मोडीत लिहिता येतं. तो हिशेबाचा कागद आणणारा मुलगा सगळ्यांत पुढे आहे. तुम्हीही शिका. उद्याच्या संगणकांना शिकवायला बाई आणि गुरुजी लागणारच आहेत!