काउबला पाणी किती?

युरोपातल्या नदीवरच्या क्रूझची चौकशी करणारा माणूस आधी हवेचं विचारतो. "मॅडम, जूनमध्ये तिकडे थंडी कितपत असते हो?" मग पावसाचं, मग ट्युलिपचं, मग जेवणात भात मिळेल का याचं. त्या वेळी नदीला पाणी किती असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं तारखा ठरवण्याचं काम तिथूनच सुरू होतं. थंडीला स्वेटर आहे, पावसाला छत्री आहे. नदी प्रमाणाबाहेर उतरली किंवा चढली, तर जहाजाचे पैसे भरून माणसं बसच्या खिडकीतून युरोप बघतात, आणि मग ऊन कितीही छान पडलेलं असलं तरी त्याचं कौतुक कुणाला राहत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटांवर आहे, हे आमच्याकडे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्यामुळे काउबचा आकडा बघायची सवय मला वेगळी लावून घ्यावी लागली नाही. काउब हे जर्मनीतलं ऱ्हाइनकाठचं चिमुकलं गाव. बिंगेन ते कोब्लेन्झ नदी डोंगरांच्या घळीतून जाते, तळाला खडक आहे, आणि जहाजांच्या वाटेवर पाणी सगळ्यात उथळ होतं ते इथे. बाझल ते ॲमस्टरडॅम प्रवास करणाऱ्या जहाजाला काउब चुकवता येत नाही. म्हणून मालवाहू बार्जवाल्यांपासून क्रूझच्या कॅप्टनपर्यंत सगळे काउबची पातळी बघून पुढचं ठरवतात. इशारा आणि धोका तिथेही आहेत: ४.६० मीटरला जहाजांनी वेग कमी करून नदीच्या मध्यातून चालायचं, ६.४० मीटरला वाहतूक बंद.

खालच्या बाजूचा हिशेब नवख्याला गोंधळात टाकतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. म्हणजे नदीत वीतभरच पाणी उरलं होतं असं नव्हे. मोजपट्टीचं शून्य नदीच्या तळाला टेकलेलं नाही. जहाजांच्या मार्गात त्याखाली आणखी मीटरभराहून थोडं जास्त पाणी असतं. पण क्रूझच्या जहाजाचा तळ पाण्याखाली दीड मीटरच्या आसपास असतो, तेव्हा बेरीज ज्याची त्याने करावी. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. काउबसमोर नदीच्या मधोमध बेटावर फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा छोटा किल्ला आहे. एरवी तिथे होडीने जावं लागतं. त्या उन्हाळ्यात लोक दगडगोट्यांवरून चालत गेले.

पाणी उतरण्याचे महिने साधारण ऑगस्टपासून पुढे, नोव्हेंबरपर्यंत. ऱ्हाइनला वरच्या अंगाला आल्प्सच्या बर्फाचं पाणी मिळतं. तो बर्फ मे-जूनमध्ये वितळतो, वाटेतलं बोडेनझे सरोवर ते पाणी धरून ठेवून हळूहळू सोडतं, आणि नदी जुलैपर्यंत तरी सहसा भरलेली असते. पुढे बर्फ संपतो, आणि पावसाने ओढ दिली की पातळी घसरते. खाली नेकार, माइन, मोझेल या उपनद्या येऊन मिळतात, त्या पावसावरच्या आणि बहुतेक हिवाळ्यात फुगणाऱ्या. म्हणूनच कोलोनचे अलीकडचे दोन मोठे पूर डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५ मधले आहेत. दोन्ही वेळा पाणी साडेदहा मीटरच्या वर गेलं होतं. आपल्या डोक्यात पूर म्हणजे जुलै-ऑगस्ट. तिथे तो नाताळात येऊ शकतो, हे मला ग्रुपला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

डॅन्यूबचं वेळापत्रक निराळं. पासाउ गावात तिला इन नदी मिळते. नकाशात इन ही उपनदी, पण आल्प्समधून येताना ती वर्षाच्या सरासरीत डॅन्यूबपेक्षाही जास्त पाणी घेऊन येते, आणि ते मुख्यतः उन्हाळ्यात. त्यामुळे डॅन्यूबचे मोठे पूरही उन्हाळी: ऑगस्ट २००२, जून २०१३. पासाउच्या जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. ३ जून २०१३ ला तिथे पाणी १२.८९ मीटरवर पोचलं. १५०१ नंतर इतकं कधी आलं नव्हतं. मी प्रत्येक ग्रुपला त्या भिंतीपाशी उभं करते. कोल्हापूर-सांगलीची माणसं तिथून लवकर हलत नाहीत, पुण्याची लगेच कॉफी कुठे मिळेल ते विचारतात.

डॅन्यूबचाही एक काउब आहे: बव्हेरियातला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा टप्पा. तिथे धरण नाही, नदी मोकळी वाहते, आणि पाऊस कमी झाला की जहाजं आधी तिथे अडतात. पासाउच्या खाली ऑस्ट्रियात बहुतेक नदी बंधाऱ्यांनी अडवलेली असल्याने पाणी बऱ्यापैकी राखलं जातं. वाखाउचं खोरं आणि व्हिएन्नाच्या पूर्वेचा भाग एवढाच मोकळा. न्यूर्नबर्ग ते बुडापेस्ट हा प्रवास माहितीपत्रकात देखणा दिसतो. माइन-डॅन्यूब कालवा १९९२ साली खुला झाला, समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर जहाज चढून पलीकडे उतरतं, हे बघण्यासारखं आहेच. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मला विचाराल तर पासाउला जहाजात बसा आणि बुडापेस्टला उतरा. न्यूर्नबर्ग रेल्वेनेही बघता येतं.

जास्त पाण्याची अडचण तर लोकांना पटतच नाही. "पाणी भरपूर आहे, मग जहाज थांबलं का?" असं एका काकांनी मला जवळजवळ रागावून विचारलं होतं. कारण डोक्यावर पूल असतो. कालव्यावर पुलाखालची मोकळी उंची काही ठिकाणी जेमतेम सहा मीटर. कॅप्टनची केबिन खाली घेता येते, वरच्या डेकचे कठडे आडवे होतात, खुर्च्या गुंडाळून ठेवतात आणि प्रवाशांना वर जायला बंदी होते. एवढं करूनही पाणी फूटभर जास्त असेल तर जहाज जात नाही. मग कंपन्या अडलेल्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना दोन जहाजं उभी करतात आणि प्रवाशांना बसने या जहाजातून त्या जहाजात नेतात. ही खरं तर चांगली सोय आहे, आणि दोन्ही जहाजं सारखीच असली तर माणसं लवकर विसरतातही. करारातल्या बारीक अक्षरांत कंपनीने हा हक्क आधीच राखून ठेवलेला असतो. ते कलम मी पैसे घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवते.

पाण्यानंतर मी उजेड बघते, आणि इथे मी जरा हट्टी आहे. ऱ्हाइनची ही घळ २००२ पासून जागतिक वारशात आहे. दोन्ही काठांवर किल्ल्यांमागून किल्ले, उभ्या उतारावर द्राक्षमळे, लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा. हे सगळं पासष्टेक किलोमीटरमध्ये उरकतं. एवढ्यासाठीच माणूस ऱ्हाइनवर येतो आणि काही वेळापत्रकांत जहाज ते रात्री पार करतं. जूनच्या मध्यावर घळीच्या तोंडाशी असलेल्या र्‍युडेसहाइमला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. डिसेंबरात साडेचारच्या आत. त्यामुळे माझा पहिला फोन असतो तो घळ किती वाजता लागते हे विचारायला. शक्य असेल तर मी ॲमस्टरडॅमहून बाझलकडे, प्रवाहाच्या विरुद्ध जाणारी फेरी घेते. मे-जूनमध्ये घळीत पाण्याला चांगलीच ओढ असते, जहाज कष्टाने वर चढतं, आणि डेकवरच्या माणसांना प्रत्येक किल्ला नीट बघायला वेळ मिळतो. खाली येताना एकाकडे बोट दाखवेपर्यंत दुसरा निघून जातो.

आता ट्युलिप. साठी ओलांडलेल्या मराठी प्रवाशाच्या डोळ्यांपुढे ट्युलिप म्हणजे 'सिलसिला'तले अमिताभ आणि रेखा. ते गाणं ॲमस्टरडॅमजवळच्या कॉयकेनहोफ बागेत चित्रित झालं, आणि १९८१ पासून ही बाग आपल्याकडे ऐकीव तीर्थक्षेत्रासारखी झाली आहे. बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, जवळपास ७० लाख कंद दर वर्षी नव्याने लावतात, आणि भर फुलांचा म्हणून धरायचा तर एप्रिलचा मधला काळ. थंडी लांबली तर फुलं उशिरा, हिवाळा उबदार गेला तर लवकर. शेजारच्या शेतांतली फुलं तर बाग बंद होण्याआधीच छाटून टाकतात. बाग बंद झाल्यावर ट्युलिपचं नाव घेऊन विकलेल्या फेऱ्या मी बघितल्या आहेत, आणि प्रवासी हॉलंडमध्ये उतरून फक्त चीज घेऊन आलेत. एप्रिलमध्ये मात्र हात गारठतात. तयारी असेल तर जावं, ट्युलिपसाठी ऱ्हाइनचा उरलेला उन्हाळा सोडून देणं मला स्वतःला पटत नाही.

युरोपचं पाणी आणि उजेड जुळवल्यावर टेबलावर 'कालनिर्णय' येतं. माझ्या मते डॅन्यूबचा सगळ्यात देखणा काळ सप्टेंबरचा शेवट. वाखाउत मेल्क ते क्रेम्स द्राक्षांची तोडणी चालू असते, हवा कोरडी, व्हिएन्नाचा ऑपेरा जुलै-ऑगस्टची सुट्टी संपवून उघडलेला. नेमकं तेव्हाच आमच्याकडे गणपती संपून पितृपक्ष लागतो. गणपतीत कोकणातला माणूस हलत नाही, आणि पितृपक्षात प्रवासाला निघावं की नाही यावर प्रत्येक घरात वेगळं मत. माझ्या अनुभवात सासू चालेल म्हणते आणि नवरा अडतो. अधिक मास आला की सगळं आणखी पुढे सरकतं: २०२३ च्या अधिक श्रावणामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली आणि पितृपक्ष ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबला. त्या वर्षी सप्टेंबरचा माझा लाडका आठवडा कुणालाच विकता आला नाही.

अर्थात सप्टेंबरही कुणाला शब्द देत नाही. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ तारखेला आणि अनंत चतुर्दशी १७ ला होती. त्याच दिवसांत बोरिस वादळाचा पाऊस मध्य युरोपावर कोसळला. ऑस्ट्रियात डॅन्यूबवरची जहाजवाहतूक थांबली, व्हिएन्नात मेट्रोचे काही मार्ग बंद पडले, आणि आठवडा उलटताना बुडापेस्टला नदी ८.३० मीटरपर्यंत चढली. ज्यांनी बाप्पासाठी तारीख पुढे ढकलली होती ते सुटले. मी हे पुण्य माझ्या नियोजनाच्या खात्यात जमा करत नाही.

नाताळच्या बाजारांसाठी डिसेंबरची मागणी अलीकडे बरीच वाढली आहे. न्यूर्नबर्गचा बाजार ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या पर्वाच्या, पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला बंद होतो, कोलोनचा २३ लाच, व्हिएन्नाचा मात्र नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत. आपल्या लोकांना नाताळच्या सुट्टीतच जायचं असतं, आणि तोवर निम्मे बाजार उठलेले असतात. जायचंच तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि डॅन्यूबवर. ऱ्हाइनला तेव्हा पुराची धास्ती असते आणि घळ अंधारात जाते. मोझेलवर तर डिसेंबर २०२४ मध्ये एक मालवाहू जहाज म्युडेनच्या लॉकच्या, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या हौदाच्या, दरवाजाला धडकलं आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत वाहतूक खुंटली.

राहता राहिली मुलांची सुट्टी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि माझ्या हिशेबात ऱ्हाइनचा सर्वांत भरवशाचा काळ मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा. पाणी भरपूर, हिवाळी पूर मागे पडलेला, उन्हाळी टंचाई अजून दूर, डेकवर रात्री जेवणानंतरही उजेड. एवढा सरळ मेळ बसत असताना आईवडील मेच्या पहिल्या आठवड्याचा आग्रह धरतात, कारण नंतर वह्या-पुस्तकं आणि गणवेश असतो. मी त्यांना सांगते, वह्यांना कव्हरं जूनच्या बाराला घाला. शेंगेनचा व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो, त्यामुळे जूनच्या फेरीसाठी कागद जानेवारीत तयार ठेवा. आणि फेरीत मोझेलचा टप्पा असेल तर पैसे भरण्याआधी एवढं तपासा: त्या नदीवरची लॉक दर वर्षी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद ठेवतात, बहुतेकदा जूनच्या आसपास, आणि त्या तारखा आधीच जाहीर होतात.