उकव्याचा एका मिनिटाचा गोळाभात

बालाघाटाहून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्याचा तलाव मागे टाकून सातपुड्याचा घाट चढू लागतो, तसतशी वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती दूर राहते आणि दोन्ही बाजूंनी बांबूचे रान जवळ येते. घाटमाथ्यावर उकवा आहे. पुढे हीच वाट बैहरवरून कान्हाच्या अरण्याकडे जात असल्याने बहुतेक प्रवासी येथे चहापुरतेच थांबतात. गावाची ओळख मात्र जमिनीखाली आहे. येथे मँगनीजची भूमिगत खाण असून ती चालविणाऱ्या ‘मॉयल’चे मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

नागपूरचा हा धागा जुनाच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरच होती. पुढे सीमा बदलली. शाळा, कचेरी आणि बाजार यांची भाषा हिंदी झाली. इकडच्या पुष्कळ मराठी घरांत आज मराठीचा शेवटचा भक्कम मुक्काम स्वयंपाकघरात आहे. मुले गणित हिंदीत करतात, भांडतातही हिंदीत. पण ‘आधण’, ‘भरडा’, ‘मोहन’, ‘फोडणी’ हे शब्द आजीच्या तोंडून अजून मराठीतच ऐकतात.

म्हणूनच उकव्यातील एका परिचित घरी स्वयंपाकाचे चित्रीकरण चालू असल्याचे कळताच आम्ही कुतूहलाने तेथे गेलो. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने ‘रील्स’ आणि सप्टेंबरात यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ भारतात आणले. तेव्हापासून मिनिटभराच्या पाककृतींचा पूर आला आहे. त्याच वर्षी अहमदनगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीच्या गृहिणी नातवाच्या साहाय्याने ‘आपली आजी’ म्हणून घरोघरी पोहोचल्या. उकव्याच्या या घरातही रचना तीच: रांधणारी आजी, फोन धरणारा नातू आणि साऱ्याची जुळवाजुळव करणारी सूनबाई.

पदार्थ होता गोळाभात, तोही चिन्नौर तांदळाचा. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आम्हांस खरे नवल वाटले ते सूनबाईंच्या नियोजनाचे. परसदाराचा उजेड सकाळी चांगला, म्हणून चूल दाराशी आणलेली. पंखा बंद, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. फोन उभा धरायचा, म्हणून पसरट पातेल्याऐवजी उंच गंज निवडलेला. वाफेने भिंग धुरकटते, ते पुसायला सुती फडके तयार. आणि वहीत क्रम लिहिलेला: आधी तयार पानाचे दर्शन, मग साहित्य, मग कृती.

आजीचे माप मुठीचे. सूनबाईंनी ती मूठ तीन वेळा वाटीत ओतवून प्रमाण ठरविले: दोन वाट्या तांदळाला एक वाटी हरभरा डाळीचा भरडा. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलाचे कडकडीत मोहन घालून गोळे वळले. भात अर्धा शिजून वर थोडेच पाणी उरले, की गोळे अलगद ठेवून झाकण लावायचे आणि आच मंद करायची. नातू येथेच अधीर झाला. आजी म्हणाल्या, “आधण आलं तेव्हाही तुला घाई, आता वाफेलाही घाई. बाबू, तुझ्या फोनच्या घाईनं भात शिजत नाही.”

नातवाचे म्हणणे असे, की झाकलेले भांडे कोण पाहणार? ते कापावे. शिवाय ‘फोडणी’ऐवजी ‘तडका’ म्हटले, तर पाहणारे वाढतील. सूनबाईंनी दोन्ही गोष्टी शांतपणे निकालात काढल्या. मिनिटातले सहा सेकंद झाकणासाठी राखले. कारण पाणी जास्त असताना गोळे टाकले तर फुटतात आणि वाफ अपुरी राहिली तर आतून कच्चे राहतात. त्या सहा सेकंदांत आजींनी हेच सांगावे, असे ठरले. बोलणे आजींचे, त्यांच्याच मराठीत. खाली अक्षरे हिंदीत. शेवटी हिंग-मोहरीची फोडणी भातावर पडली, तेव्हा कोणी बोलायचे नाही, असाही दंडक होता. तो चर्र आवाज बोलण्याखाली दबू नये, म्हणून.

लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 मध्ये आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली. पुस्तकांनी पाककृतीला प्रमाण दिले, पण हात आणि आवाज त्यांना टिपता येणे शक्य नव्हते. या चिमुकल्या चित्रफितींना ते शक्य आहे. मात्र कात्री कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून. घाईच्या हाती असेल तर पदार्थ चकचकीत दिसेल, पण पाहणाऱ्याचे गोळे फुटतील आणि नातवंडांना ‘फोडणी’ हा शब्दही परका होईल. जुळवाजुळव करणाऱ्याचे काम काय कापायचे हे ठरविण्याइतकेच काय कापायचे नाही, हे ठरविण्याचे आहे.

इंदूर, हैदराबाद, बडोदा, रायपूर, आपण कोठेही असा, घरात एखादी आजी आणि एखादा फोन बहुधा असतोच. येत्या रविवारी त्या दोघांची गाठ घालून द्यावी. चित्रफीत जगाला दाखविली नाही तरी चालेल; आजींना त्यांच्या शब्दांत बोलू द्यावे आणि झाकणाखालची वाफ पुरती होईपर्यंत थांबावे.