मिठाला पाणी सुटलं की

पुणे, २८ जून

प्रिय बाय,



परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, दिवसातून दोनदा लादी पुसते, फिनेल टाकते, तरी घराचा कुबट वास जात नाही." लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीस, पण तुझ्या आवाजातला थकवा मला लागून राहिला. चाळीस वर्षं मी मालवणच्या त्या घरात काढली. निघताना तुझ्या हाती किल्ल्या दिल्या, पंप कसा लावायचा ते दाखवलं, आणि जे सांगायला हवं होतं तेच राहून गेलं.

आधी स्वयंपाकघरात जा आणि फडताळातली खडेमिठाची बरणी उघड. मिठाला पाणी सुटलं असेल. सुटणारच, आर्द्रा लागल्या आहेत. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठसुद्धा पाणी ओढून विरघळायला लागतं. आपलं खडेमीठ मिठागरातलं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते त्याच्याही आधी पाझरतं. आता हेच मीठ तुझ्या खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, पडद्यांत, गादीच्या खोळीत बसलेलं आहे असं समज. लाट फुटते, तिच्या फेसातले बुडबुडे फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात, वाटेत पाणी उडून जातं आणि मीठ आपल्या घरात येऊन बसतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं. त्या ओलीवर धूळ चिकटते, बुरशी धरते, लोखंड गंजतं. अशात तू लादी पुसतेस म्हणजे घरात आणखी पाणी आणतेस, आणि या दिवसांत ते बाहेर जायला वाट नसते.

म्हणून पाऊस आहे तोवर लादी कोरड्या केरसुणीने झाड, दिवसाआड घट्ट पिळलेल्या फडक्याने पूस आणि लगेच वर पंखा लाव. आपल्याकडे घर पुसण्यापेक्षा वाळवायचं असतं, बाय. माझ्या आईने मला हे एवढंच शिकवलं आणि बाकीचं सगळं त्यातून आपोआप कळत गेलं.

इथे पुण्यात दिवाळीच्या आधी घर आवरायला काढतात. आपल्याकडची मोठी साफसफाई आगोटीच्या आधी, वैशाखात. दिवाळीपासून जूनपर्यंत पाऊस नाही आणि रोज दुपारी खारा वारा घरात येतो, त्यामुळे सहा-सात महिन्यांचं मीठ साचतं. ते तसंच ठेवून पावसाळ्यात शिरलं की पहिल्या सरीबरोबर सगळं घर पाझरायला लागतं. तुला पटत नसेल तर अंगणातलं फाटक आणि माजघराच्या खिडकीचे गज एकदा शेजारी ठेवल्यासारखे बघ. फाटक उघड्यावर भिजतं, तरी ते कमी गंजलंय, कारण पाऊस त्याच्यावरचं मीठ धुऊन नेतो. खिडकी पागोळीच्या आत, तिच्यावर पाण्याचा थेंब पडत नाही, आणि तिच्याच गजांचे पापुद्रे निघतायत. जिथे पाऊस पोचत नाही तिथे आपण गोडं पाणी पोचवायचं. मात्र मे महिन्यात आपल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने गज पुसले तर मीठच फासल्यासारखं होईल. तेव्हा शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, मग कोरडं फडकं, आणि बिजागऱ्यांत तेलाचा थेंब. यंदा तू आलीस तीच जूनमध्ये, त्यामुळे हे पुढच्या वर्षी.

आता एकेक खोली सांगते.

पडवीच्या पायरीशी घंगाळात पाणी आणि तांब्या ठेव. समुद्रावरून आलेला पाय धुतल्याशिवाय आत यायला नको, मग तो तुझ्या बाळाचा असो की पाहुण्याचा. रेतीपेक्षा रेतीबरोबर येणारा खार जास्त वाईट. पायपुसणी दोन ठेव, एक वापरात आणि एक वाळत.

ओटीवरचं दार फुगलं असेल, लाथ मारून उघडावं लागत असेल. सुताराला बोलावू नकोस. एका श्रावणात मी रंधा मारून घेतला होता. फाल्गुनात लाकूड सुकलं तेव्हा चौकटीत बोटभर फट पडली आणि पुढे त्या फटीतून वर्षानुवर्षं रेती येत राहिली. साबणाची कोरडी वडी दाराच्या कडेवर घासून ठेव, तेवढ्याने भागेल.

खरं दुखणं आहे माजघरात. पश्चिमेच्या भिंतीला एक मोठं लाकडी कपाट चिकटून उभं आहे ना, त्या कुबट वासाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. ती भिंत चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा होता. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो, पण चुना ती ओल बाहेर सोडतो. १६६४ साली महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तेव्हाच्या बांधकामात चुनाच आहे, आणि लाटा खात ते अजून उभं आहे. हे सगळं माहीत असून मी एका गवंड्याच्या भरवशावर ती भिंत सिमेंटने गिलावून घेतली आणि वर ऑइलपेंट दिला. पुसायला सोपं जाईल म्हणून. दोन पावसाळे भिंत आरशासारखी चकचकीत होती. तिसऱ्या वर्षी रंगाला फोड आले. एक फोड मी नखाने उघडला, तर आत कापसासारखा पांढरा लोणा, जिभेला लावला तर खारट. ओलीला बाहेर पडायला जागा राहिली नव्हती, मीठ रंगाच्या मागेच साचत गेलं आणि रंगाला ढकलत राहिलं. कपाटाच्या तळच्या कप्प्यात आईचं हिरवं इरकली लुगडं होतं. जपायचं म्हणून मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं होतं. उघडलं तेव्हा घडीघडीवर काळे ठिपके, आणि पदर हातात धरला तर घडीवर चिरत गेला. त्या दिवशी मी खूप रडले.

म्हणून ते कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घे. मागे हवा खेळली पाहिजे. लोणा दिसला तर पाण्याने धुऊ नकोस, तो विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा कर आणि बाहेर टाक. बुरशीचं नेमकं उलटं. काळी बुरशी कोरडी झाडायची नाही, तिची भुकटी उडून घरभर पसरते. बाळाला दम आहे, त्याला तेव्हा शेजारी पाठव. तोंडाला फडकं बांध, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्याने बुरशी पुसून घे, तो कपडा टाकून दे आणि जागा पंख्याने खडखडीत वाळव. साड्या जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये एकही नको. उन्हाळ्यात तो ऑइलपेंट आणि सिमेंट खरवडून पुन्हा चुना द्यायचा. खर्च मी देईन, त्यात वाद घालायचा नाही.

स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर खिडकीच्या जाळीवर बसतो आणि त्यावर खारा वारा, म्हणून तिथला मळ साध्या फडक्याला दाद देत नाही. गरम पाणी, रिठे किंवा साबण, आणि दर आठवड्याला. महिना जाऊ दिलास तर तारा तुटायला लागतात. तांब्या-पितळेला आमसुलाचं पाणी लाव, पण मिनिटभरच. मग भरपूर पाणी आणि लगेच कोरडं पुसणं. आंबट नि खार भांड्यावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवा कळंक चढलाच. भात-डाळ झाकण ठेवून शिजव, वाफ भिंतीवर जायला नको. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर चढून वासे कोरडे ठेवायचा, किडा लागू द्यायचा नाही. गॅस आला, आपले डोळे वाचले, पण छपराची ती राखण गेली. म्हणून दर पंधरा दिवसांनी माळ्यावर बॅटरी घेऊन चढ, वाशांवर वाळवीची मातीची रेघ दिसते का बघ. कौलं चैत्रात परतून घेतली आहेत.

न्हाणीघरातलं एक मात्र नीट वाच. ब्लीचिंग पावडर आणि संडासात घालायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही, एकामागून एकही नाही. शेवाळ लवकर जावं म्हणून मी एकदा दोन्ही ओतलं होतं. क्लोरीन वायू उठला. दार बंद होतं. घसा जळत मी कशीबशी बाहेर आले आणि अंगणात बसून राहिले, दोन दिवस खोकला थांबेना. तो वायू बाळाच्या छातीला काय करील याचा विचारही मला करवत नाही. ब्लीचिंग एकटंच, थंड पाण्यात, खिडकी उघडी ठेवून.

बाळाच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नकोस, ते पडवीत टाक, झडीत पंख्याखाली. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतलं पाणी त्याच्याच श्वासात जातं, आणि गादीतले सूक्ष्म किडे त्या ओलाव्यावरच वाढतात. उशांना ऊन दाखव. खिडक्या दिवसभर उघड्या नको आणि दिवसभर बंदही नको. उघडीप पडली, अंगणातली फरशी सुकायला लागली, की समोरासमोरच्या दोन्ही उघड. पुन्हा अंधारून आलं की बंद.

फिनेलची बाटली तूर्त माडीखाली ठेवून दे. कपाट पुढे घेतलंस की मागची भिंत कशी निघाली ते त्याच संध्याकाळी कळव, आणि एकटीने ओढू नकोस, शेजारच्या पोरांना हाक मार.

तुझी,
आत्या