ब्रेकचा पाइप आणि बाबांचा रुमाल

तर झालं असं, की माझ्या जुन्या बाईकचा पुढचा ब्रेक मला फारच मिळमिळीत वाटायला लागला होता. एकच ३० मिमीचा पिस्टन. मित्राकडे २७ मिमीचे दोन पिस्टन असलेला कॅलिपर पडून होता. आकडेमोड केली (इंजिनिअर ना आपण!), क्षेत्रफळ सुमारे १.६ पट. लिव्हरवर जोर तेवढाच, पण पॅडवर दाब १.६ पट. पास्कलची कृपा. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर तेलही तेवढंच जास्त ढकलावं लागतं, आणि लिव्हर जास्त खोल जातो. ते मला चालणार होतं.

ब्रॅकेट बसलं, कॅलिपर बसला. नवीन स्टीलच्या जाळीचा होज आणला. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घातले, डॉट ४ तेल भरलं, हवा काढली. लिव्हर एकदम कडक. सेंटर स्टँडवर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून बघितलं. होज कुठे ताणला जात नव्हता. कसला भारी दिसत होता!

दुसऱ्या दिवशी बाबांना मागे बसवून वरंध घाटाकडे निघालो. बाबांना तो रस्ता पुन्हा बघायचा होता, त्यांच्या तरुणपणी स्कूटरवर गेले होते म्हणे. भोर मागे पडलं, नीरा-देवघरचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा चहाला थांबलो. मी कांदाभजी सांगत होतो आणि बाबा चाकापाशी उकिडवे बसलेले.

"अरे, हा पाइप टायरला घासतोय का रे?"

"छे हो बाबा, कालच चेक केलंय."

"बघ तरी."

बघितलं. होजवरचं प्लास्टिक एका बाजूने सोलून निघालं होतं आणि आतली जाळी चकाकत होती. तेल गळत नव्हतं, एवढंच नशीब. पुढे घाट उतरायचा होता, आणि मागे माझे बाबा बसणार होते. भजी घशाखाली उतरेनात.

चूक कुठे झाली ते तिथेच कळलं. सेंटर स्टँडवर पुढच्या चाकावर माणसांचा भार नसतो, म्हणजे फोर्क लांबलेला. तेव्हा होज सरळ दिसतो. पण दोन माणसं बसली, खड्डा आला, की फोर्क दबतो, कॅलिपर वर येतो आणि होजची उरलेली लांबी कुठेतरी फुगतेच. माझी ती आत, टायरकडे फुगत होती. जुन्या रबरी होजला फोर्कवर धरून ठेवणारी क्लिप होती, ती नव्याला बसेना म्हणून मी सोडूनच दिली होती. शिवाय बँजो बोल्ट आवळताना बँजोही त्याच्याबरोबर थोडा फिरतो, आणि होजचं तोंड आतल्या बाजूला वळलं होतं. एका हाताने धरून आवळायला हवा होता. थोडक्यात, सेंटर स्टँड हे माझं टेस्ट एन्व्हायरमेंट आणि भोरचा रस्ता प्रॉडक्शन. ऑफिसात हीच चूक ज्युनियरने केली असती तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं.

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि होज टायरपासून लांब ओढून फोर्कला बांधला. एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी एसटीने येतो. तू सावकाश ये." मी मागच्या ब्रेकवर, विशीच्या स्पीडने, भोरला पोचलो. पुण्यापर्यंत बाईक टेम्पोतून आली. त्याचे पैसे विचारू नका.

गेल्या रविवारी सगळं पुन्हा केलं. होज नवा (घासलेला परत वापरायचा नाही, भले गळत नसो), वॉशर पुन्हा नवे, आतून रबर लावलेली क्लिप फोर्कच्या खालच्या भागावर. होज मास्टर सिलिंडरपासून सलग उतरता ठेवला, मध्ये उंचवटा आला की हवेचे बुडबुडे तिथेच अडकून बसतात. शेवटी बाईक स्टँडवरून काढली. बाबा वर बसून पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबत होते, आणि मी जमिनीवर आडवा पडून टॉर्च मारत होतो. हँडल सरळ, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"बाबा, अजून एकदा. जोरात."

"दहा वेळा झालं रे. आता चहा टाक."